खांब आणि शेपूट

“पुढे जा ना तुम्ही,” ती म्हणाली.

“जाता येत नाही,” तो म्हणाला.

“का?”

“मी शेपूट आहे.”

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

घाटाचं पाचवं वळण होतं. ती सायकलवरून उतरून कडेच्या दगडी कठड्याशी चष्मा पुसत उभी होती. चष्मा मुळात स्वच्छच होता. पण दम लागला म्हणून थांबण्यापेक्षा चष्मा पुसायला थांबलेलं बरं दिसतं, इतकंच. वीसेक पावलं मागे हा उंच, किडकिडीत माणूस एक पाय जमिनीवर टेकवून बाटलीतलं पाणी पीत होता. अंगात भडक नारिंगी जॅकेट. बाटली केव्हाच रिकामी झाली असावी, कारण त्याने ती पार उलटी धरली होती, तरी तो पीतच होता.

“तुमची बाटली रिकामी आहे,” ती म्हणाली.

“तुमचा चष्मा स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

ती हसली. हसायलासुद्धा दम लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

सहल चार दिवसांची होती. बारा सायकली, सहा तंबू, सामान वाहणारा एक टेंपो आणि सगळ्यांच्या पुढे बाई. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. साठी उलटली होती, पण चढावर त्यांना कोणी गाठू शकत नसे. पस्तीस वर्षं हजेरी घेऊन घेऊन त्यांना नावांचा वीट आला होता, म्हणून त्या प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कामावरून हाक मारत. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, म्हणून ती ‘चष्मा’. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून ‘लिफ्ट’. तिची आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, म्हणून ‘टेलिफोन’. आत्याला ते नाव शोभायचं. ती क्वचितच बंद असायची.

या सहलीत तिचं नाव घातलं होतं ते आत्यानेच. “तिशी आली तुझी. दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या बुबुळात बघतेस. जरा डोंगर बघ,” असं म्हणून. “आणि मला सोबत नको का?” असंही म्हणून. पहिल्याच चढावर आत्या तिला मागे टाकून निघून गेली होती. उतारावर मात्र आत्या दोन्ही ब्रेक घट्ट दाबून, जपून, पायी चालल्यासारखी उतरायची.

नियम बाईंनी पहिल्या सकाळीच सांगितले होते. शिट्टी गळ्यात, हात कमरेवर.

“डोंगरात फाटे फार. फाटा आला की माझ्या पाठोपाठ जो असेल तो तिथे उतरेल आणि उभा राहील. तो खांब. येईल त्याला वाट दाखवायची. सगळ्यात शेवटी शेपूट येईल, नारिंगी जॅकेट घालून. शेपटाने खांबापाशी थांबायचं आणि तोंडाने म्हणायचं, माझ्या मागे कोणी नाही. हे कानांनी ऐकल्याशिवाय खांबाने जागा सोडायची नाही. पाऊस येवो, काही येवो. आणि फाट्यावर खांब दिसलाच नाही तर?”

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

“तर सरळ मोठ्या रस्त्याने पुढे. खांब नाही याचा अर्थ वळायचं नाही. कळलं?”

“कळलं, बाई,” बारा-चौदा वर्षांची मुलं म्हणतील तसं सगळे एका सुरात म्हणाले. त्यात एक दातांचे डॉक्टर होते आणि एक निवृत्त न्यायाधीशही होते.

शेपटाला नियम एकच. शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. आणि शेवटचा माणूस दर वेळी तीच असायची.

पहिला दिवस असाच गेला. ती थांबायची, तो थांबायचा. तो कधी म्हणाला नाही, चला आता, उशीर होतोय. ती निघाली की मागून त्याच्या चाकांची बारीक टिकटिक सुरू व्हायची. ती ऐकू येत असली की चढ थोडा कमी वाटायचा… निदान तिला तसं वाटायचं. सायकलवाल्यांना विचारलं तर ते म्हणतील, चढ तेवढाच असतो.

दुसऱ्या दिवशी दोघांत वीस पावलांचं अंतर पाचावर आलं आणि बोलणं सुरू झालं.

“लिफ्टमध्ये माणूस अडकला की आधी काय करतो, सांगू?” तो मागून म्हणाला. “सगळी बटणं दाबतो. मग दार ठोठावतो. मग घड्याळ बघतो. मग फोन. मी पोचेपर्यंत अर्धा तास जातो, तेवढा वेळ मी त्यांच्याशी बोलत राहतो. एक आजोबा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकले होते. मी दार उघडलं तर म्हणाले, थांब जरा, धाकट्या सुनेचं राहिलंय सांगायचं.”

“मग?”

“मग काय, ऐकलं. आत जाऊन बसलो त्यांच्याजवळ.”

ती इतकी हसली की सायकल डोलली. “आमच्याकडे उलटं असतं,” ती म्हणाली. “आमच्याकडे लोक खोटं बोलतात. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तक्त्याची खालची ओळ पाठ करतात.”

“कशासाठी?”

“चष्मा लागू नये म्हणून. मग मी तक्ता बदलते. मग ते अंदाजाने सांगतात. मी म्हणते, अंदाज नको, दिसतं तेवढंच सांगा.”

“मी आलो तर?”

“तुम्हाला आधी सगळ्यात वरचं मोठं अक्षर दाखवीन.”

“का बरं? नजर चांगली आहे माझी.”

“आज सकाळी बाईंनी मोठ्या चहाच्या भांड्यावर झाकण ठेवलं होतं. तुम्ही झाकणावर पळी आपटत होतात.”

“झोपेत होतो हो मी,” तो म्हणाला, आणि बराच वेळ मागून नुसतीच टिकटिक येत राहिली. मग म्हणाला, “म्हणजे तुम्ही बघत होतात.”

तिने पायडल जोरात मारलं. चढ होता. चढावर बोलता येत नाही, ही एक सोय असते.

त्या संध्याकाळी तळ पडला तो एका माळावर, सुरूच्या झाडांच्या आडोशाला. ऊन अजून होतं. ती तंबूच्या मागच्या दोरीवर ओले मोजे वाळत घालत होती. तंबूच्या पलीकडे टेंपोजवळ बाई आणि तो बोलत होते. तिला ऐकायचं नव्हतं. पण तंबूची भिंत म्हणजे शेवटी कापडच.

“उद्या शेपूट दुसऱ्याला देऊ का?” बाई विचारत होत्या. “तू खरं म्हणजे पुढचा गडी. दोन दिवस रांगतोयस.”

“राहू द्या, बाई. मीच राहतो.”

“कंटाळा नाही येत? आमची चष्मा दर वळणाला उतरते.”

“कामच आहे ते आपलं,” तो म्हणाला. “अडकलेल्या माणसापाशी थांबायचं.”

बाई हसल्या. तोही हसला असावा.

ती हातात एक मोजा घेऊन उभी राहिली. खरं तर त्याने वाईट काहीच म्हटलं नव्हतं. पण दोन दिवस जे तिला आपलं वाटत होतं, ते एका वाक्यात लिफ्टच्या कंपनीचं निघालं. म्हणजे आपण तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या. तिने मोजा दोरीवर टाकला, तो खाली पडला, तिने उचलून पुन्हा टाकला. जेवताना ती आत्याच्या पलीकडे बसली. त्याने दुरून पाण्याची बाटली उलटी करून दाखवली. तिने पाहिलं नाही… म्हणजे पाहिलं, पण पाहिलं नाहीसं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी तयार होती आणि सायकल घेऊन बाईंच्या शेजारी उभी होती.

“आज काय, पुढून?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“पाय टिकतील?”

“टिकवीन.”

आत्या मागून ओरडली, “अगं, हिला काही चावलं का रात्री?” पण तोवर शिट्टी वाजली होती.

राग हे चांगलं इंधन आहे. ते पुरत नाही, पण पेटतं झटकन. खिंडीपर्यंत तिने एकदाही चष्मा पुसला नाही. बाईंच्या मागच्या चाकावर नजर ठेवून ती नुसती पाय मारत राहिली. छाती भरून आली होती, मांड्या आगीसारख्या जळत होत्या. खिंडीत मात्र आभाळ एकदम खाली उतरलं आणि गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. बरेच जण कपारीच्या आडोशाला थांबले. बाई थांबल्या नाहीत, म्हणून तीही थांबली नाही.

खिंडीच्या पलीकडे उताराला धुकं होतं. पाच किलोमीटरवर फाटा आला. मोठा रस्ता सरळ दुसऱ्या खोऱ्यात जात होता. डावीकडे एक अरुंद रस्ता खाली नदीकडे उतरत होता आणि नदीकाठच्या कुरणात तिसरा तळ होता. बाईंनी वळता वळता मागे हात केला.

“चष्मा, तू खांब. हलायचं नाही.”

“हो, बाई.”

तिची ही पहिलीच वेळ. ती मैलाच्या दगडाजवळ सायकल टेकवून उभी राहिली. अर्ध्या तासाने धुक्यातून रेनकोट येऊ लागले. टोप्या ओढलेले, माना खाली घातलेले, चार-पाचांच्या घोळक्याने. तिने डावीकडे हात केला, ते गेले. पुन्हा एक घोळका आला, पुन्हा हात, तेही गेले. आत्या त्यातच असणार, असं ती धरून चालली. डोकी मोजायला हवी होती. पण ती दुसऱ्याच विचारात होती. आता तो येईल. इथे थांबेल. तोंडाने म्हणेल, माझ्या मागे कोणी नाही. मग आपल्याला त्याच्याकडे बघावं लागेल. चेहरा कसा ठेवायचा? रागावल्यासारखा ठेवला तर तो विचारणार, का. हसरा ठेवावा, तर तो जमणार नाही. तिने चष्मा काढला, पिवळ्या फडक्याने पुसला, घातला, पुन्हा काढला.

आणि वरच्या वळणावर धुक्यात नारिंगी रंग दिसला. दोनशे पावलांवर. हळूहळू, जपून उतरणारा.

ती सायकलवर चढली आणि डावीकडे सुटली.

रोज माणसांना सांगायची, अंदाज नको, दिसतं तेवढंच सांगा. तिला दिसलं होतं ते एक जॅकेट. बाकीचा माणूस तिने अंदाजाने भरला.

तळावर चहा होत होता. तिने सायकल लावली, हात धुतले, तंबूचा एक खुंटाही ठोकला. अंगातला राग उतरला होता आणि त्याच्या जागी थोडी लाज येऊ लागली होती. पाऊण तासाने कुरणाच्या टोकाला नारिंगी जॅकेट दिसलं. तिने मुद्दाम पाठ फिरवली.

“काय गं,” आत्याचा आवाज आला, “थांबली का नाहीस तू?”

ती वळली. जॅकेट नारिंगी होतं. आत होती आत्या, लांब बाह्या दुमडून, दात वाजत असलेली.

“आत्या, हे… तुझ्या अंगात कसं?”

“माझा रेनकोट खिंडीत बाहीपासून फाटला. कुडकुडत होते, तर त्याने काढून दिलं स्वतःचं. त्याचा टायर फाटलाय. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, खांबाला सांगा मी मागे आहे, थांबायला सांगा. मी वळणावरून बघते तर तू निघालेली. किती हाका मारल्या. वारा उलटा. ब्रेक सोडून तुझ्या मागे येऊ म्हटलं तर माझी हिंमत होईना. मीच तिथे थांबायला हवं होतं, पण थंडीने सुचलंच नाही.”

चहाचे कप घेऊन उभे असलेले सगळे तिच्याकडे बघत होते. बाईंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजत आले होते.

“फाट्यावर खांब नाही,” बाई हळू म्हणाल्या. “म्हणजे तो सरळ गेला असेल. दुसऱ्या खोऱ्यात.”

“फोन?” डॉक्टरांनी विचारलं.

“खिंडीपासून रेंज नाही. टेंपो गॅसची टाकी आणायला गेलाय, सहाला येईल.”

“अंगात काय आहे त्याच्या?” ती म्हणाली.

“बनियन आणि शर्ट,” आत्या म्हणाली, आणि एकदम गप्प झाली. आत्या गप्प झाली म्हणजे गोष्ट गंभीर.

अर्धा तास वाट पाहिली. दरम्यान धुकं खाली नदीपर्यंत आलं. कोणी म्हणालं, लिफ्ट हुशार आहे, कुठेतरी आडोसा बघेल. कोणी म्हणालं, त्या खोऱ्यात पहिलं गाव तीस किलोमीटरवर आहे. म्हणणारा लगेच म्हणाला, पंचवीस असेल. शेवटी ती बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

“बाई, त्याने ते वाक्य म्हटलं नव्हतं. मी नुसतं जॅकेट पाहिलं आणि निघाले. थांबायचं नव्हतं मला म्हणून निघाले.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त तिच्याकडे बघत राहिल्या. नऊ वर्षांत त्यांच्या सहलीतलं एकही माणूस हरवलं नव्हतं.

“मी जाते वर,” ती म्हणाली.

“नऊ किलोमीटर चढ आहे. चष्मा, सहाला टेंपो येतोय.”

“सहापर्यंत मी इथे बसू शकत नाही.”

बाईंनी शिट्टी गळ्यात घातली. “एकटं कोणी जात नसतं,” त्या म्हणाल्या. “चल. पुढे तू. मी शेपूट.”

त्या नऊ किलोमीटरांबद्दल तिला पुढे फारसं सांगता आलं नाही. काच धुक्याने आणि घामाने पांढरी झाली, तरी तिने ती पुसली नाही. रस्त्याची कड तेवढी दिसत होती, ती पुरेशी होती. मनात एकच चाललं होतं. तो सरळ जाईल, कारण नियम आहे. ओला शर्ट, फाटलेला टायर, उतार. तो कोणाच्याही पुढे न जाणारा माणूस, आणि आज त्याच्या पुढे कोणीच नाही. आपण रुसलो होतो. कशावर, तर एका वाक्यावर. मागून बाई एक शब्द बोलल्या नाहीत. एकदा पायडल निसटून नडगीला लागलं, ती थांबली नाही.

शेवटच्या वळणावर बाईंनीच आधी पाहिलं. मैलाच्या दगडापाशी कोणीतरी उभं होतं. सायकल आडवी पडलेली. बाईंनी शिट्टी फुंकली, लांब. ती आकृती दचकून वळली.

“तू जा,” बाई सायकलवरून उतरत म्हणाल्या. “मी बसते इथे जरा. दम लागलाय मला.”

बाईंचा श्वास अगदी संथ चालला होता.

ती उरलेला चढ कसाबसा चढली आणि सायकल तशीच टाकून त्याच्यासमोर उभी राहिली. तो गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखला होता. कोपराला खरचटलं होतं. ओठ निळसर. आणि त्याच्या मुठीत तिचं चष्मा पुसायचं पिवळं फडकं होतं.

“तुम्हाला लागलंय का?” दोघांनीही एकदमच विचारलं. म्हणजे तिने विचारलं. त्याच्या तोंडातून नुसती घरघर आली. आवाज पार बसला होता.

“कुठे… कुठे होतात तुम्ही?” तो घोगरं कुजबुजला. “मी दोन तास…” त्याने कडेच्या उताराकडे हात केला. गवत ठिकठिकाणी चुरगळलं होतं, ओल्या मातीत घसरल्याच्या लांब खुणा होत्या. “फडकं तिथे सापडलं. अगदी कडेला.”

तिला समजायला क्षण लागला.

“तुम्ही मला शोधत होतात?”

“मग? खांब नाही म्हणून नियमाप्रमाणे सरळ गेलो. दीड-दोन किलोमीटर. मग वाटलं, आज पुढे तुम्ही होतात, म्हणजे खांब तुम्हीच असणार. आणि तुम्ही जागा सोडून जाणार नाही. कोणीही जाईल, तुम्ही नाही. मग नाहीत म्हणजे काहीतरी झालंय. परत आलो, तर हे फडकं.” त्याने घसा खाकरला, उपयोग झाला नाही. “तीनदा उतरलो खाली. हाका मारून मारून…”

तिचे डोळे भरून आले. आता हे सांगायचं कसं? दरीत उतरून आलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

“मला काही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “मी निघून गेले. नारिंगी जॅकेट लांबून दिसलं आणि निघाले. आत आत्या आहे हेसुद्धा पाहिलं नाही. मी… रुसले होते.”

“रुसला होतात?”

“काल संध्याकाळी तुम्ही बाईंना म्हणालात. कामच आहे, अडकलेल्या माणसापाशी थांबायचं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग तो मैलाच्या दगडावर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला वाटलं, आता हा ओरडेल, आणि मग आठवलं की ओरडायला आवाजच नाही. त्याचे खांदे हलत होते. ती घाबरून खाली वाकली, तेव्हा कळलं की तो हसतोय. म्हणजे बहुतेक हसत होता. चेहरा ओलाच होता, नक्की सांगता येणार नाही.

“म्हणजे धडधाकट आहात,” तो म्हणाला.

“हो.”

“नुसत्या रुसला होतात.”

“हो.”

“फार बरं झालं,” तो म्हणाला. इतक्या मनापासून म्हणाला की तिला रडू फुटलं.

तिने बाहीने नाक-डोळे पुसले. तिने रेनकोटाच्या आतला लोकरी गळपट्टा काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. गाठ नीट बसेना. तिने ती दोनदा सोडून पुन्हा बांधली.

“बाईंना काय सांगणार होतो मी?” मग तो म्हणाला. शब्द फाटके फाटके येत होते, ऐकायला तिला जवळ वाकावं लागत होतं. “हिच्या मागून सायकल चालवायला मला बरं वाटतं, म्हणून मला शेपूट ठेवा? हे सांगायचं टेंपोपाशी उभं राहून? कामाचं नाव पुढे केलं. सोपं असतं ते.”

“मला वाटलं मी नुसती… दोन मजल्यांच्या मधली.”

“अडकलो तर मी होतो,” तो म्हणाला. “परवापासून.”

वाऱ्याने धुकं जरा फाटलं. खाली नदीचा एक तुकडा चमकला आणि पुन्हा झाकला गेला. तिने चष्मा काढला. त्याने ते पिवळं फडकं पुढे केलं, पण ते इतकं चिखलाने भरलं होतं की दोघांनाही हसू आलं.

“पुन्हा रुसायचं झालं तर,” तो म्हणाला, “सांगून रुसा.”

“कोणाला सांगायचं?”

“मला.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“जॅकेट अंगातून काढणार नाही. हे पहिलं.” तो थोडा थांबला. “तुमच्या दुकानाला सुट्टी कधी असते?”

“सोमवारी.”

“माझी रविवारी.”

“मग?”

“मग मी सोमवार मागून घेतो. लिफ्ट रविवारीही बंद पडतातच.”

“देतील?”

“नाही दिला तर रुसेन.”

खालून शिट्टी आली. अगदी आखूड, जराशी संकोचल्यासारखी. बाईंचा दम बहुधा परत आला होता.

उतरताना तिने त्याला पुढे घातलं. फाटलेल्या टायरला आतून रबराचा तुकडा लावला होता, त्यामुळे चाक दर फेऱ्याला उडत होतं आणि जोरात जाणं शक्यच नव्हतं. मागून बघताना तिला दिसलं की त्याच्या शर्टाची शिवण पाठीवर उसवलीय, आणि हा माणूस मान किंचित डावीकडे कलती ठेवून चालवतो. दोन दिवस तो तिच्या मागे होता, त्यामुळे हे तिला माहीतच नव्हतं. असं बरंच काही माहीत नसणार. तिला त्याची घाई वाटली नाही. बाई सगळ्यांच्या मागे राहिल्या होत्या, बऱ्याच मागे.

कुरणात पोचल्यावर एकच गलका झाला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ते दातांचे असले तरी. न्यायाधीशांनी स्वतःची कोरडी पँट देऊ केली, ती त्याला घोट्याच्या वीतभर वर आली. कोणी गरम सूप हातात दिलं, कोणी चादर पांघरली. सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांचे आवाज सैल झाले होते. आत्या जॅकेट काढून त्याच्या खांद्यावर टाकत म्हणाली, “अरे, होतास कुठे? जीव टांगणीला लावलास. बोल की काहीतरी.”

त्याने गळ्याला हात लावून मान हलवली. होता नव्हता तो आवाज वर फाट्यावर खर्च झाला होता.

“मग तू सांग,” आत्या तिच्याकडे वळली. “काय झालं वर? बाई तर म्हणतात मी काही पाहिलं नाही, मी बसले होते.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. चार माणसांसमोर बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. दुकानातसुद्धा ती बोलायची ती अंधाऱ्या खोलीत, एकेकाशी. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने सुपाची वाटी तोंडाला लावली होती, आणि वाटीच्या कडेवरून त्याचे डोळे तिच्याकडे लागले होते. त्याच्याकडून आता काही मदत होण्यासारखी नव्हती.

“आत्या,” ती म्हणाली, “सोमवारी मी यांना आपल्याकडे जेवायला बोलावलंय.”

मागे कोणीतरी चमचा खाली ठेवला. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या गळ्यातल्या गळपट्ट्याकडे. तो आत्यानेच दोन हिवाळ्यांमागे तिच्यासाठी विणला होता.

“जेवायला?” आत्या म्हणाली. “नुसतं जेवायला?”

त्याने वाटी खाली केली. उत्तर द्यायला तोंड उघडलं. काही म्हणजे काहीच आलं नाही.

“नुसतं नाही,” ती म्हणाली.